‘तो चायनीज नाही, नेपाळी आहे’ हे उत्तर नव्हे

पत्र: मी सोलापुरात पूर्वभागातल्या एका शाळेत सातवीला इतिहास-नागरिकशास्त्र शिकवते. वर्गाचा पट ५२. या जूनमध्ये एक नेपाळी मुलगा आला, वडील चायनीजच्या गाडीवर कामाला आहेत. आठवड्याभरात पोरांनी त्याचं नाव ‘चायनीज’ पाडलं. कुणी ‘मोमो’ म्हणतं, कुणी ‘बहादूर’. ‘अरे, तो चायनीज नाही, नेपाळी आहे’ म्हणून मी रागावले. माझ्यासमोर थांबलं, पाण्याच्या नळापाशी चालूच आहे. एका मुलीला तिसरीपासून ‘काळी’ म्हणतात, तिची आईसुद्धा ते हसण्यावारी नेते. आता मुख्याध्यापकांनी ‘जागतिक नागरिकत्व’ असा उपक्रम घ्यायला सांगितलाय: झेंडे, वेशभूषा आणि स्नेहसंमेलनात ‘आफ्रिकन डान्स’. मागच्या खेपेला पोरांना काळा रंग फासून, पानांचे घागरे घालून नाचवलं होतं. मी मोबाइलवर डोळ्यांच्या रंगावरून वर्गाचे दोन भाग पाडण्याचा एक प्रयोग पाहिला, तो करून बघू का? आठवड्याला ३५ मिनिटांची एकच तासिका मिळेल. आणि ‘शाळेत जातपात काढू नका’ असं पालक म्हणतील, ही धास्ती आहेच.
– एक शिक्षिका

ताई,

सुरुवात तुमच्याच वाक्यापासून करू. ‘तो चायनीज नाही, नेपाळी आहे’ हे तुम्ही चांगल्या मनानं म्हणालात, पण पोरांनी त्यातून घेतलं ते वेगळंच. चिनी असणं ही शिवीच आहे, फक्त ती चुकीच्या पोराला दिली गेली, एवढंच त्यांना कळलं. ‘काळी असली म्हणून काय झालं, अक्षर बघा किती सुंदर’ याचीही गत तीच. ‘असली म्हणून काय झालं’ म्हणताना काहीतरी झालंय हे आपण कबूलच करून बसतो. पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे सावळ्या विठोबाचा दाखला द्यायचा मोह होतो. तोही आवरा. त्या मुलीला कुणाशी तुलना नकोय, तिच्या नावानं हाक हवीय.

तेव्हा उपक्रमाचं नंतर बघू. आधी तो शब्द कानावर पडला की पुढच्या वीस सेकंदांत काय करायचं ते पक्कं करा. हातातलं काम थांबवा. आवाज न चढवता म्हणा, ‘हा शब्द आपल्या वर्गात चालत नाही. चेहऱ्यावरून नाव पाडलं की त्या माणसाला “तू आमच्यातला नाहीस” असं सांगितलं जातं. त्याचं नाव घे आणि तुझं वाक्य पुन्हा बोल.’ पोरगं वाक्य पुन्हा बोललं की लगेच धड्यावर या. इथं तीन गोष्टी हटकून बिघडतात. एक, आपण भाषण सुरू करतो, सगळा वर्ग त्या नेपाळी मुलाकडे वळून बघतो आणि शिक्षा त्यालाच होते. दोन, ‘सॉरी म्हण, हात मिळव’ असं सगळ्यांदेखत करायला लावतो. मग ते सॉरी मधल्या सुट्टीत व्याजासकट वसूल होतं. तीन, ‘मस्करी केली ओ मॅडम’ या उत्तरावर आपण अडखळतो. त्याला एकच प्रश्न पुरतो: ‘ज्याची केलीस, तो हसला का?’ उत्तराची वाट बघू नका, पुढे जा.

त्याच दिवशी, शक्यतो शाळा सुटण्याआधी, मुलाशी एकट्यानं दोन मिनिटं बोला. ‘तुला काय म्हणतात ते माझ्या कानावर आलंय, ती तुझी चूक नाही. मी काय करावं असं तुला वाटतं?’ एवढंच. तो ‘काही नको’ म्हणाला तर ते मान्य करा आणि आठवड्यानं पुन्हा विचारा. त्याच्या नावाचा उच्चारही त्यालाच विचारून नीट बसवून घ्या. हजेरी घेताना बाई नाव अर्धवट खातात, हे पोरं बरोबर टिपतात. आणि कृपा करून नेपाळवर धडा घेऊ नका, निदान आत्ता तरी. बारा वर्षांच्या पोराला एका अख्ख्या देशाचा प्रतिनिधी म्हणून फळ्यापाशी उभं करणं हाही छळच.

नळापाशी चाललेलं तुमच्या रागावण्यानं थांबणार नाही, कारण तिथं तुम्ही नसता. तिथं असतात ती बाकीची पोरं, म्हणून शिकवायचं त्यांना. त्यांना जमतील अशा तीनच गोष्टी द्या: ‘नाव घे ना बे त्याचं’ असं म्हणायचं, किंवा काही न बोलता त्याच्या शेजारी जाऊन उभं राहायचं, किंवा बाईंना येऊन सांगायचं. तिसरी गोष्ट म्हणजे चुगली नव्हे, हे स्पष्ट सांगा: कुणाला अडकवायला सांगितलं तर चुगली, कुणाला सोडवायला सांगितलं तर मदत. पाच मिनिटं जोडीजोडीनं सराव घ्या. मात्र सरावात खरा शब्द कुणाच्याही तोंडी देऊ नका, नाहीतर सरावाच्या नावाखाली तोच शब्द २६ जोड्यांत घुमेल. ‘ढमढम’सारखं काहीतरी बनावट नाव घ्या.

सोबत एक नोंदवही ठेवा. रकाने चार: तारीख, जागा, शब्द, काय केलं. मुलांची नावं नकोत. दीड महिन्यानं उघडून बघा. बहुतेक वेळा एखादी जागा आणि एखादी वेळ पुन्हापुन्हा दिसते: नळाची रांग, पोषण आहाराची पंगत, नाहीतर कबड्डीचे संघ निवडायची वेळ. दोन कॅप्टननी एकेक गडी उचलायचा आणि उरेल तो शेवटी, ही पद्धत तर रोज एका पोराचा लिलाव करते. चिठ्ठ्या टाकून संघ पाडा. पाच मिनिटांचा हा बदल कधीकधी पन्नास मिनिटांच्या प्रवचनापेक्षा जास्त काम करतो.

आता तासिका. पहिल्या तासाला जग वर्गातूनच बाहेर काढा. ‘तुमचं मूळ गाव कोणतं’ असं विचारू नका. त्या प्रश्नातून जात, वस्ती, घरातली मोडतोड असं सगळं बाहेर येतं, आणि ज्यांना ते लपवायचं असतं त्यांची तारांबळ उडते. ‘घरात किंवा गल्लीत कोणकोणत्या भाषा कानावर पडतात’ एवढंच विचारा. पूर्वभागातल्या वर्गात तेलुगू, कन्नड, उर्दू, हिंदी तर निघतेच, लमाणी किंवा कैकाडीही निघते. फळ्यावर मधोमध ‘पाणी’ लिहा आणि भोवती बाकीच्या भाषांतले शब्द पोरांकडूनच भरून घ्या. तेलुगूत नीळ्ळु, कन्नडमध्ये नीरु, उर्दूत आणि नेपाळीतही पानी. नेपाळीतला शब्द आपल्या एवढ्या जवळचा आणि शेजारच्या बाकावरचा तेलुगू शब्द मात्र वेगळ्याच कुळातला, हे पोरांना स्वतःहून दिसू द्या. ‘परका’ कोण, याचा हिशेब तिथंच जरा गडबडतो. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांवाचून सोलापूरची चादर कशी झाली असती, हा प्रश्न घरी न्यायला द्या. बऱ्याच घरांत त्याचं उत्तर सांगणारी आजी असते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या तासाला रंग. खडूच्या खोक्यावर ‘पीच’ छापलेलं असलं तरी पोरं त्या फिकट गुलाबी खडूला ‘स्किन कलर’ म्हणतात. क्रेयोला या अमेरिकन कंपनीनं पूर्वी अशाच खडूवर ‘फ्लेश’, म्हणजे अंगाचा रंग, असं छापलं होतं, ते १९६२ साली बदलून ‘पीच’ केलं. आपल्या वर्गांत जुनं नाव अजून तग धरून आहे. कृती अशी: चार-चार मुलांचे १३ गट. प्रत्येक गटाला एक झाकण आणि पिवळा, लाल, निळा, पांढरा हे चार पोस्टर कलर. काळा द्यायचाच नाही. एक तर ‘काळा माणूस म्हणजे काळा रंग’ ही समजूत त्यानं पक्की होते, आणि दुसरं म्हणजे पिवळ्यात काळा पडला की मिश्रण शेवाळी दिसतं. काडीच्या टोकानं चार थेंब पिवळा आणि दोन थेंब लाल आधी मिसळायचा, झकास नारिंगी होतो. मग एकच थेंब निळा. तपकिरी तयार. इथून पुढं प्रत्येकानं आपापलं: उजळ छटेसाठी पांढरा, गडद छटेसाठी लाल आणि निळा जरा जास्त. निळा आधी किंवा भसकन घातला की राखाडी-हिरवट चिखल होतो. तो थोड्या लालनं सुधारतो.

प्रत्येकाला तीन बाय दहा सेंटिमीटरच्या दोन कागदी पट्ट्या द्या. एकीवर मनगटाच्या वरच्या बाजूची छटा, दुसरीवर कोपराखालच्या आतल्या बाजूची. रंग अंगाला लावायचा नाही, पट्टी अंगाशेजारी धरून बघायची, तेही खिडकीपाशी, कारण ट्यूबलाइटखाली छटा फसवते. वाळल्यावर रंग थोडा बदलतो, म्हणून जुळवणी वाळलेल्या पट्टीवरच. बरीच मुलं आपल्यापेक्षा उजळ पट्टी करतील. टोकू नका. ‘तू एवढी गोरी कुठंयस’ हे वाक्य तुमच्या तोंडून निघालं तर दोन्ही तास वाया गेले समजा. दोन पट्ट्यांतला फरक ते काम आपोआप करतो: एकाच हाताला दोन रंग आहेत, तर मग माझा रंग कोणता?

पट्ट्यांवर नावं लिहायची नाहीत. सगळ्या १०४ पट्ट्या एका डब्यात टाकून हलवा आणि हाताला येतील तशा चार्टपेपरवर चिकटवा. फिकटापासून गडदापर्यंत ओळ लावू नका. लावली की पोरं त्या ओळीत आपला नंबर शोधतात. मग ‘स्किन’ खडूचा एक फराटा त्या चार्टवर मारा आणि यातल्या कोणत्या पट्टीशी तो जुळतो, ते शोधायला सांगा.

त्यानंतर दहा मिनिटं विज्ञान. त्वचेत मेलॅनिन नावाचं रंगद्रव्य असतं आणि ते सूर्याच्या अतिनील किरणांपासून बचाव करतं. विषुववृत्ताजवळ ऊन तीव्र, म्हणून तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांची त्वचा गडद. बुद्धी, ताकद, स्वच्छता, स्वभाव यांचा मेलॅनिनशी काडीचा संबंध नाही. कोणत्याही दोन माणसांचा डीएनए सुमारे ९९.९ टक्के सारखाच असतो. एवढं पुरे. ‘सगळ्यांचं रक्त लालच असतं’ या वाक्यावर मात्र तास संपवू नका. वाक्य खरं आहे, पण ते कामाचं नाही. रक्त सगळ्यांचं लाल आहे हे ‘काळी’ म्हणणाऱ्यालाही ठाऊक असतं. मग वागणूक वेगळी का, याला त्या वाक्यात उत्तर नाही. शिवाय फरकाबद्दल बोलायचंच नसतं, असा भलताच धडा मुलं त्यातून घेतात.

चौथा तास चीनमध्ये जाऊन सेवा केलेल्या सोलापूरच्या डॉ. कोटणिसांचा. त्यासाठी थोडं थांबा. टोपणनावाचं प्रकरण चार-सहा आठवडे शांत झाल्यावरच घ्या, नाहीतर चीन म्हटलं की ५१ माना त्या मुलाकडे वळतील. भैया चौकातलं त्यांचं स्मारक पोरांच्या येण्याजाण्यातलं असतं, आत गेलेली थोडी. डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९१० साली सोलापुरात जन्मले. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला मदत म्हणून १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात ते होते. बाकीचे चौघे परतले, हे राहिले. चिनी बोलायला-लिहायला शिकले, ग्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं, मुलाचं नाव यिनह्वा ठेवलं: ‘यिन’ म्हणजे भारत, ‘ह्वा’ म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ला ते तिकडेच वारले, वय अवघं ३२. हारतुऱ्यांची गोष्ट करू नका, प्रश्न विचारा. ‘आपला देशच पारतंत्र्यात, मग परक्यांची लढाई कशाला’ असं त्यांना कुणी म्हटलं असतं तर ते काय म्हणाले असते? भाषा येत नसताना जखमी सैनिकाला कुठं दुखतंय हे कसं विचारलं असेल? आणि शेवटी: ‘चायनीज’ हा शब्द त्यांच्या घरात कोणत्या सुरात बोलला गेला असता? हा शेवटचा प्रश्न लिहून आणायला द्या, चर्चेला घेऊ नका.

त्यापुढचा तास अवघड आहे आणि तोच बहुतेक ठिकाणी गाळला जातो. गांधीजींना १८९३ साली दक्षिण आफ्रिकेत गाडीतून उतरवलं, अमेरिकेत काळ्या रोझा पार्क्सनी १९५५ साली गोऱ्या प्रवाशासाठी बसमधली जागा सोडली नाही, इथवर सगळे उत्साहानं शिकवतात. गुन्हेगार परदेशी असला की शिकवायला सोपं जातं. मग एखादं पोरगं हात वर करून विचारतं, ‘मॅडम, वर्णभेद म्हणजे रंगाचा का जातीचा?’ मराठीत हा शब्द दोन्हीकडे जातो आणि पोराची शंका रास्त असते. ‘तो वेगळा विषय आहे’ म्हणून ती उडवू नका. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामी नष्ट करणाऱ्या लोकांना. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतल्या काळ्या लोकांचे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतलं साम्य सांगितलं. ही सांगड आपल्याच माणसांनी कधीच घालून ठेवलीय, तुम्हाला नवीन काही काढायचं नाही.

आठवी-नववीला याच धाग्यावर ‘सेटलमेंट’ घेता येईल. सोलापुरात तो नुसता पत्ता झालाय, पण त्यामागं १८७१चा गुन्हेगार जमाती कायदा आहे: अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवायच्या, नावं नोंदवायची, हजेरी लावायची, काहींना तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत, म्हणजे ‘सेटलमेंट’मध्ये ठेवायचं. ३१ ऑगस्ट १९५२ला तो रद्द झाला. शिकवताना पथ्य एकच: कायद्यानं काय केलं ते सांगा, जमातींच्या नावांची यादी फळ्यावर लिहू नका. त्या घरातलं पोर तुमच्या समोरच बसलेलं असू शकतं.

डोळ्यांच्या रंगाचा तो प्रयोग करू नका. जेन एलियट या शिक्षिकेनं तो १९६८ साली, काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या दुसऱ्या दिवशी, अमेरिकेत आयोवातल्या एका छोट्या गावात केला: एका रंगाच्या डोळ्यांची मुलं श्रेष्ठ, दुसऱ्या रंगाची कमी, असं वागवून. वर्गातली सगळी मुलं गोरी होती, रंगावरून भेदभाव त्यांनी स्वतः भोगलेला नव्हता, म्हणून चाखवायचा होता. तुमच्या वर्गात तो रोजच्या डब्यात आहे. ज्यांना रोज बोचतं त्यांना मुद्दाम आणखी टोचून काय शिकवणार? शिवाय बाईंनी आपल्याला फसवलं हे पोरं विसरत नाहीत. त्याऐवजी मोजणी घ्या. पाठ्यपुस्तकातली आणि आठवड्याच्या पेपरांतल्या जाहिरातींमधली चित्रं गटांना वाटून द्या. गोरा चेहरा किती, सावळा किती, हुकूम कोण देतंय, ओझं कोण उचलतंय. गणिताच्या सरांना सांगून स्तंभालेख काढून घ्या. आकडे पोरांनीच काढलेले असतात, त्यामुळे त्यावर ते वाद घालत नाहीत.

पालकांचं फार मनावर घेऊ नका. सभेत पट्ट्यांचा चार्ट आणि मोजणीचे आलेख दाखवा, कुठल्याही मुलाचं उदाहरण देऊ नका. ‘जातपात काढू नका’ म्हणाले तर सांगा, ती आम्ही काढत नाही, नळावर निघते ती थांबवतोय. संविधानाच्या कलम १५ मध्ये धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान हे शब्द एकाच ओळीत आहेत, कलम १७ अस्पृश्यतेचं आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांच्या मानसिक छळाला मनाई करतं. ‘काळी’ म्हणणं हसण्यावारी नेणाऱ्या आईला मात्र एकटीलाच भेटा. त्या हसण्यामागं बऱ्याचदा स्वतः ऐकून घेतलेलं असतं.

राहिलं संमेलन. मुख्याध्यापकांना उपक्रम नको म्हणू नका, त्याचा साचा बदलून द्या. आफ्रिका हा देश नाही, तिथं ५४ देश आहेत. एकच निवडा. केनिया घ्या: २००७ सालीच तिथं एम-पेसा नावानं मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय सुरू झाली, आपलं यूपीआय २०१६चं. झाडं लावण्याची चळवळ उभी करणाऱ्या तिथल्या वांगारी माथाई यांना २००४ साली शांततेचं नोबेल मिळालं. नैरोबीतल्या मुलीचा शाळेचा एक दिवस, त्यात फोनवर पैसे पाठवणारी आई आणि रोपं लावणाऱ्या बायका, एवढ्यात दहा मिनिटांची नाटिका होते. वेश रोजचाच, शाळेचा गणवेश. तोंडाला रंग नाही, म्हणजे नाही.

हीच नजर बाकीच्या कार्यक्रमांवरही टाका. भारतमाता दरवर्षी गोरीच का, राक्षस नेहमी सावळाच का, नाचात पहिल्या ओळीत कोण आणि मागच्या ओळीत कोण. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा आणि नाचाच्या ओळी दर कडव्याला बदलायला सांगा. नृत्य बसवणाऱ्या सरांशी मात्र हे ऑगस्टमध्येच बोला. दिवाळीनंतर गाणं ठरलेलं असतं, पानांच्या घागऱ्यांचा ॲडव्हान्स भाड्याच्या कपड्यांच्या दुकानात गेलेला असतो, आणि मग ‘या वर्षी होऊन जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू’ हेच ऐकायला मिळतं.